पायांकडे पाहणारा रसिक : एक खान्देशी प्रकार

केळी, कापूस, सोने आणि उन्हाळा यांविषयी ठाम मते असलेली माणसे खान्देशात विपुल आहेत. परंतु ज्या संगीतात गायकाचे शब्द मुद्दामच नीट ऐकू येऊ दिले जात नाहीत, त्याविषयी ठाम मत असलेला माणूस जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत विरळाच आढळतो, आणि आपण विरळा आहोत ही जाणीव हाच त्याच्या प्रकृतीचा मूलधर्म होय. त्याचे आराध्य असलेल्या संगीतप्रकाराला ‘शूगेझ’ म्हणतात. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तो ब्रिटनमध्ये आकाराला आला. त्यातील गिटारवादक स्वर खरबरीत करणारा फज, तो मागाहून पुन्हा उमटवणारा डिले आणि त्याला मोठ्या दालनाचा घुमारा देणारा रिव्हर्ब ही उपकरणे पायाने चालवीत असल्यामुळे कार्यक्रमभर मान खाली घालून उभे राहत, आणि तेथील संगीतपत्रकारांनी थट्टेने ‘बुटांकडे टक लावणे’ अशा अर्थाचे हे नाव रूढ केले.

या रसिकाचे जुना आणि नवा असे दोन पोटप्रकार संभवतात. जुना हा साधारणतः चाळिशीतला असून 2000 नंतरच्या दशकात तो अभियांत्रिकी शिकण्यासाठी पुण्यास गेलेला असतो. तेथे वसतिगृहातील कोणाच्या तरी हार्डडिस्कवरून, किंवा माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचे एक गाणे ज्यात आहे त्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ (2003) या चित्रपटातून, त्याला दीक्षा मिळते, आणि पदवी घेऊन परतल्यावर तो ठिबक सिंचनाच्या वडिलोपार्जित एजन्सीत बसतो. त्याच बँडचा ‘लव्हलेस’ (1991) हा अल्बम पुरा होण्यास सुमारे दोन वर्षे आणि 19 स्टुडिओ लागले व पुढचा अल्बम थेट 2013 मध्ये आला, ही माहिती तो 16 एमएम नळीचा भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकासही देतो; आणि गिऱ्हाईकही, उधारीची मुदत वाढण्याची शक्यता ध्यानात घेऊन, ती आदराने ऐकून घेते.

इंग्रजांनी 1906 साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. या पंथात ती फाळणी आजही पाळली जाते. पूर्वेकडील, म्हणजे जळगावचा, रसिक माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा उपासक असतो, आणि त्या बँडचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स गिटारची ट्रेमोलो दांडी हातात धरूनच तारा छेडत असल्याने सगळा स्वरसमूह कसा डोलत राहतो, हे तो हवेत हात हलवून दाखवतो. धुळ्याचा रसिक स्लोडाइव्ह या बँडचा; त्याला कोलाहलापेक्षा विषाद प्रिय असतो, आणि 1995 मध्ये ‘पिग्मॅलियन’ हा अल्बम प्रसिद्ध होताच रेकॉर्ड कंपनीने त्या बँडला वाऱ्यावर सोडले, हा अपमान तो स्वतःच्या घराण्याचा असल्याप्रमाणे जपतो. हिवाळ्यात शेतावर होणाऱ्या भरीत पार्टीत हे दोघे एकत्र येतात व आपापली गाणी लावतात. तेव्हा जळगावकडचे आप्त “स्पीकर फाटला का काय रे भो?” असे, आणि धुळ्याकडचे “गानं म्हननारा कोठे शे?” असे विचारतात. दोन्ही प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या अचूक असल्याने त्यांना उत्तर देता येत नाही, हेच या रसिकाचे खरे दुःख होय.

त्याच्या ठायी एक विसंगतीही दिसते. लग्नाच्या वरातीत बँजो, ढोल आणि डीजे यांचे थर एकमेकांवर चढून शब्द बुडाले, की तो कानांवर हात ठेवून ध्वनिप्रदूषणाविषयी बोलू लागतो. परंतु तोच परिणाम इंग्लंडातील चार मुलांनी साधला, तर त्यास स्वरांची भिंत म्हणतो आणि आवाज पूर्ण वाढवतो.

1990 च्या दशकाच्या मध्यास ब्रिटपॉप या ठसठशीत चालींच्या व स्पष्ट शब्दांच्या लाटेखाली शूगेझ दबले, आणि विस्मृतीत गेलेल्या गोष्टीवर एकट्याने मालकी सांगण्याची सोय या रसिकास लाभली. पुढे 2014 मध्ये स्लोडाइव्ह पुन्हा एकत्र आला, 2017 मध्ये त्याचा नवा अल्बम निघाला, आणि त्यानंतर काही सेकंदांच्या चित्रफितींमधून ही गाणी जगभरच्या कोवळ्या वयाच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचली. टिकटॉकवर 2020 पासून बंदी असल्यामुळे खान्देशातील नवा रसिक रील्समधून घडला. जळगावच्या मे महिन्यात, पारा 44 अंशांवर असताना, तो काळी हुडी घालून हिंडतो यावरून त्याची निष्ठा सिद्ध होते. जुना मात्र ती मान्य करण्यापूर्वी त्याची तोंडी परीक्षा घेतो. मुलाला अल्बमांची साले येत नाहीत, पण सगळी गाणी पाठ असतात. जुन्याला साले सगळी येतात, आणि शेवटचा अल्बम सलग कधी ऐकला ते मात्र आठवत नाही.

परीक्षेच्या अखेरीस नवा “काका, तुमच्याकडची सगळी गाणी पेनड्राइव्हवर द्याल का?” असे विचारतो. केव्हिन शील्ड्सचे 22 वर्षांचे मौन ज्याने निमूटपणे सोसले, त्यास ‘काका’ हे संबोधन सोसवत नाही. तरीही तो फायली देतो, कारण गाणारा कोठे आहे असे न विचारणारा हा जिल्ह्यातील पहिलाच इसम असतो, आणि विरळा असण्याचा अभिमान कितीही मोठा असला तरी तो दाखवण्यासाठी निदान एक माणूस लागतोच.