सर्व्हर गेला, बिल आले

क्लाउडचा पहिला फायदा असा की, संस्थेला स्वतःचा सर्व्हर पाळावा लागत नाही. त्याची कुलूपबंद खोली, चोवीस तास चालणारा एसी, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि दसऱ्याचा झेंडूचा हार, सगळेच वाचते. दुसरा फायदा, वापराल तेवढेच पैसे. दिवाळीच्या सेलला हवी तेवढी मशीन घ्यावीत, भाऊबीज झाली की सोडून द्यावीत. सोडायचे मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. चाचणीपुरते सुरू केलेले मशीन, चाचणी घेणारा नोकरी सोडून गेला तरी, तासाच्या दराने इमानेइतबारे चालत राहते. डेटा आत टाकणे सहसा फुकट असते. पैसे पडतात ते बाहेर काढायला.

खरा फायदा जबाबदारीचा. पूर्वी यंत्रणा बंद पडली की आयटीवाल्याला धारेवर धरत. आता तोही सर्वांसोबत हात बांधून वाट पाहतो. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेतल्या एका कर्मचाऱ्याने कमांड देताना चूक केली आणि तिच्या व्हर्जिनियातल्या डेटा साठवणुकीवर विसंबलेल्या असंख्य वेबसाइट काही तास ठप्प झाल्या. सेवेची स्थिती सांगणारा फलकही त्याच साठवणुकीवर अवलंबून होता, त्यामुळे त्यावर सुरुवातीला सारे आलबेलच दिसत होते.