मुसीच्या बाटल्या

"काकू, भल्या पहाटे वहिनी दोर घेऊन कुठं निघाल्या होत्या? नळाला पाणी नाही का?"

"नळ कसला! चादरघाटच्या पुलावर गेलीय, मुसीचं पाणी तपासायला. कॉलेजातली चार पोरं आणि ही. दमडी मिळत नाही, वर ऑटोचं भाडं पदरचं."

"मुसीचं? अहो, काचीगुड्यापर्यंत वास येतो की!"

"मी तेच म्हटलं. तर म्हणते, आई, वासाची नोंद वहीत कशी करू? पुलावरून बाटली सोडतात. आत बुडबुडा राहता कामा नये. मग दोन औषधं घालायची. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका धरतो, नसला तर पांढरा. मध्ये अनंतगिरीला गेले होते, विकाराबादकडे, मुसी निघते तिथं. झकास तपकिरी! आणि इथं पांढराफटक. आंघोळीच्या नदीत सुद्धा लिटरमागे ५ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो म्हणे."

"मग एकदा कळलं ना? दर महिन्याला कशाला जायचं?"

"तिथंच तर मेख आहे. १९०८ चा पूर आठवतो ना, म्हणजे ऐकून? निजामानं नदीला साडी-बांगड्या वाहिल्या म्हणतात तो."

"हो, आणि अफजलगंजच्या दवाखान्यातल्या चिंचेवर दीडशे माणसं वाचली."

"तोच. मग विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि पुढं उस्मानसागर, हिमायतसागर झाले. तेव्हापासून वरचं पाणी वरच अडतं. एरवी शहरातून वाहतं ते आपल्याच मोऱ्यांचं. पण दारं उघडली की दोन दिवस नदी धुऊन निघते. २०२५ च्या सप्टेंबरात नाही का, बसस्टँडात पाणी शिरलं? नेमका तशा दिवशीचा आकडा घेतला की, नदी सुधारली, असं कुणीही छातीठोक सांगेल. म्हणून तोच पूल, तीच वेळ, दर महिन्याला."

"वहिनी हुशार हं. पण फ्रिजवर त्या बाटल्या कसल्या मांडल्यात? मी मघाशी खिडकीतून पाहिल्या."

"तुझी नजर म्हणजे! त्यात पाणी भरून उबेला एक-दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं तर समजायचं, संडासाचं पाणी मिसळलंय. नदीची बाटली एका रात्रीत डांबरासारखी झाली, त्याचं काही नाही. पण हिनं गल्लीतल्या बोअरचं पाणीही भरून ठेवलं."

"अगं बाई! आणि?"

"तीन काळ्या."

"कुणाच्या? सांगा ना. त्या कोपऱ्यावरच्या तिमजलीवाल्यांची असणारच. टाकी केव्हाची फुटलीय."

"नाव नाही सांगणार. सूनबाईनं शपथ घातलीय."

"बरं नका सांगू. पण एक करा, आमच्याही बोअरचं घ्या. आत्ताच देते बाटलीत. फक्त वर चिठ्ठी लावू नका हं, आणि तुमच्या ह्यांना तर अजिबात बोलू नका. संध्याकाळी पारावर सगळं सांगून मोकळे होतील."

"आधी बाटली उकळून घे गं. लोणच्याची नको."