श्वानशावकाचे शौचशिक्षण आणि वऱ्हाडचा उन्हाळा

कुत्र्याच्या पिल्लाने घरात कोठे निजावे आणि कोठे विधी उरकावा हे शिकविण्याचे जे शास्त्र अलीकडे अमरावती-अकोल्याच्या वसाहतींत पोचले आहे, ते थंड देशांत लिहिले गेले असून त्याच्या प्रत्येक नियमामागे एक बंद दार, एक हिरवळ आणि शिस्तीचा एकच मालक गृहीत धरलेला आहे. वऱ्हाडी घरात यांपैकी दार तेवढे असते, आणि तेही दिवसभर उघडे.

या शास्त्राचे मुख्य साधन म्हणजे क्रेट, अर्थात पिल्लाला उभे राहता, वळता आणि पाय ताणून निजता येईल एवढाच पिंजरा. त्यामागील तर्क असा की, जन्मानंतरचे पहिले सुमारे तीन आठवडे आई पिल्लांना चाटून विधी करविते व जागाही स्वतःच साफ करते. पुढे पिल्लू लटपटत का होईना, निजण्याच्या जागेपासून दूर जाऊ लागते, आणि आपले अंथरूण कोरडे ठेवण्याची ही उपजत ओढ क्रेट कामाला लावतो. क्रेट प्रशस्त असला की हे सारे शास्त्र ढासळते, कारण पिल्लू एका कोपऱ्यात शयनगृह आणि दुसऱ्यात न्हाणी मांडते. वऱ्हाडी गृहस्थ मात्र मुलाच्या शाळेच्या गणवेशाप्रमाणे पिंजराही वाढत्या अंगाचा घेतो आणि आठवडाभरात दुकानदाराला दोष देऊ लागतो. घरातील आजीचा आक्षेप याहून मूलगामी असतो. "अवं माय, त्याले कायले कोंडलं व? त्यानं कोनाचा खून केला?" असे विचारून ती कडी काढते, आणि आजीने दिलेल्या या जामिनावर सुटलेला आरोपी थेट देवघराकडे धावतो, जेथे दत्ताच्या तसबिरीतील चार कुत्री शतकानुशतके एकाच जागी, निष्कलंक उभी आहेत.

ठरावीक जागेची ही जाण श्वानकुळाला मुळीच परकी नाही, हे पाहण्यासाठी परतवाड्याच्या पुढे मेळघाटापर्यंतच जावे लागते. तेथील कोळसून, म्हणजे रानकुत्रा, हा पाळीव कुत्र्याचा लांबचा आप्त असून त्याचा कळप रानवाटांच्या तिठ्यांवर ठरलेल्या जागी विष्ठा टाकतो, आणि अभ्यासक ती आदराने पिशवीत भरून तीतील केसांवरून त्याच्या आहाराचा छडा लावतात. त्याच जिल्ह्यात, दिवाणखान्यातील तशाच ऐवजाबद्दल असा शास्त्रीय आदर कोणी दाखविल्याचे दिसत नाही.

वेळेचा नियम दिसायला सोपा आहे. पोटात अन्न पडताच मोठे आतडे हलू लागते, म्हणून खाल्ल्यावर, झोपेतून उठल्यावर आणि खेळ संपल्यावर पिल्लाला बाहेर न्यावे; शिवाय पिल्लाचे वय जितके महिने त्यात एक मिळविला की तितके तास ते कळ धरू शकते, असा ढोबळ हिशेब आहे. दोन महिन्यांचे पिल्लू यानुसार सुमारे तीन तास थांबते. येथे वऱ्हाडचा उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला तर त्याची आता बातमीही होत नाही. अंगणातील सिमेंट दुपारी असे तापते की पिल्लाचे कोवळे तळवे त्यावर टेकविणे हा निव्वळ छळ ठरेल, आणि बारा ते पाच या पाच तासांत तीन तासांची क्षमता वजा जाता उरलेली दोन तासांची तूट कोणत्याही अंदाजपत्रकात लपविता येत नाही. सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर बाहेर नेणे एवढेच हाती राहते. लसीचे सर्व डोस पूर्ण होण्याआधी पिल्लाला रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या जागी नेऊ नये, कारण पार्व्हो हा आतड्याचा जीवघेणा विषाणूजन्य रोग मातीतूनही लागतो, असे पशुवैद्य सांगतात, आणि अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्थाच असल्यामुळे हा सल्ला न मिळाल्याची सबबही अकोलेकराला करता येत नाही. राहता राहिले अंगण, आणि ते तव्यावर आहे.

क्रेटची जागा हा त्याहून नाजूक प्रश्न. कुत्र्याला तळव्यांखेरीज फारसा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग निववते. तेव्हा गुहेचा आभास व्हावा म्हणून पिंजऱ्यावर चादर टाकण्याचा परदेशी सल्ला येथे पाळला तर गुहेची भट्टी होईल. तारेचा क्रेट, तोही कूलरच्या झोतात, हाच विवेकी मार्ग आहे. परंतु वऱ्हाडी घरात कूलरसमोरची जागा हा केवळ हवेचा प्रश्न नसून मानाचा असतो, आणि अधिक महिना उन्हाळ्यात आला की धोंड्याच्या जेवणानंतर जावयाने कोठे लवंडावे याचा निर्णय कुटुंबाला पिल्लाच्या उपस्थितीत घ्यावा लागतो. निजण्यापूर्वी दोन तास पाण्याचे भांडे उचलावे हाही नियम या हवेत सोडून द्यावा. रात्री अकरालाही गरम वारा वाहत असताना पिल्लाला तहानलेले ठेवणे धोक्याचे आहे, आणि भांडे उचलले तरी कूलरखाली ठिबकणारे पाणी त्याने आधीच शोधलेले असते.

दुपारच्या तुटीवर पहिला उपाय म्हणून वर्तमानपत्र अंथरले जाते. यात एक शास्त्रीय खोच आहे. पिल्लाच्या मनात जागेइतकीच पायाखालच्या स्पर्शाची आवड साधारण दोन महिन्यांच्या वयातच घट्ट होऊ लागते, तिला आधारपसंती म्हणता येईल. कागदावर शिकलेले पिल्लू कागदाशी एकनिष्ठ राहते, आणि ओसरीवर मांडी घालून, पान पूर्ण पसरून कापसाचे भाव वाचणारे आबाजी व शिळे वर्तमानपत्र यांत फरक करण्याचे त्याला काहीच कारण दिसत नाही. त्यापेक्षा सावलीत घमेलेभर माती ठेवणे बरे. पुढे हीच माती अंगणात भेटते.

चुकलेल्या जागेच्या सफाईत घरोघरी फिनाइलवर श्रद्धा आहे. फिनाइलने माणसाच्या नाकाची समजूत पटते, पिल्लाच्या नाकाची नाही. मूत्रातील घटक मोडून काढणारा विकरयुक्त द्राव वापरल्याखेरीज ती जागा त्याला परत बोलावीतच राहते. काही घरांत वर गोमूत्र शिंपडले जाते, त्यावरून पिल्लाचा समज असा होत असावा की या ठिकाणावर आपल्याहून थोर कोणीतरी आधीच शिक्कामोर्तब करून गेले आहे. पुन्हा पुसावे म्हटले तर नळाला पाणी रोज येत नाही.

शिक्षेचा विषय मात्र सविस्तर पाहिला पाहिजे, कारण स्वच्छतेच्या बाबतीत हा प्रदेश सामान्य नव्हे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा, समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात, आणि त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान राज्यात २०००-०१ पासून चालले. पुढे गावे हगणदारीमुक्त करण्यासाठी पहाटे गुडमॉर्निंग पथके निघाली. त्यांनी शिट्ट्या फुंकल्या, कोठे कोठे लोटा घेऊन निघालेल्यांना गुलाबाची फुलेही दिली. ही सारी योजना लाजेवर उभी होती. पिल्लाला लाज नसते, आणि गुलाब दिल्यास ते खाऊन टाकते. रागावल्यावर ते कान पाडून जो अपराधी चेहरा करते, तो अपराधाचा नव्हेच: अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, काहीही न करता बोलणी खाल्लेली कुत्रीही तसाच चेहरा करताना आढळली. भारतीय वाचकाला हे महाभारतावरूनच ठाऊक असायला हवे होते. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाजवळ आलेल्या पिल्लाला राजाच्या भावांनी हविर्द्रव्याला तोंडही लावलेले नसताना मारले, आणि त्याची आई सरमा हिने जाब विचारून राजाला शाप दिला. तासाभरापूर्वीच्या डबक्यात पिल्लाचे नाक घासणाऱ्या गृहस्थाने ही कथा डोळ्यांसमोर ठेवावी. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराट्याने गाव झाडीत आणि कीर्तन रात्री करीत. श्वानशिक्षणातही मालकाने आधी निमूट पुसावे, आणि योग्य जागी विधी झाल्यावर मात्र क्षणार्धात, म्हणजे पिल्लाला कारण कळेल इतक्या लवकर, खाऊ द्यावा.

आज्ञेचा शब्द एकच असावा, हा शेवटचा नियम. नातू "पॉटी" म्हणतो, सून "सू कर" म्हणते, आजी "जाय बरं भायेर" म्हणते, आणि पिल्लू तिघांचे ऐकून घेऊन स्वतःच्या मताप्रमाणे वागते.

एवढे करून मेअखेर यश आले, तरी ते कोरड्या मातीवरचे यश असते. मृग लागतो, पहिली सर कोसळते, अंगणातील काळी माती चिकण होऊन पायाला ढेकळासारखी धरते, आणि उन्हाळाभर कोरड्या स्पर्शावर वाढलेले पिल्लू उंबरठ्यावरच थबकून शिकवलेली जागा साफ नाकारते. ज्या पावसासाठी सारे वऱ्हाड आभाळाकडे डोळे लावून बसते, तो जरा उघडावा म्हणून मनात प्रार्थना करणारा आणि पेरणीच्या दिवसांत हे उघड बोलण्याची सोय नसलेला एकच प्राणी मग फाटकाशी दिसतो: कुत्र्याचा मालक. पिल्लाच्या डोक्यावर त्याने छत्री धरलेली असते, आणि शेजारून सायकलवर जाणारा ब्रेक दाबून विचारतो, "काकाजी, कुत्रं कोरडं अन् तुमीच भिजून राह्यले! शिकून कोन राह्यलं इथं?"