पेढीच्या पाण्यात पाय आणि डोक्यावर ड्रोन

ऐकलं का? पत्रिका अजून छापखान्यात आहेत, मांडवाचा पत्ता नाही, हळद कुटायची आहे, आणि पोट्टा-पोट्टी वलगावच्या पुलाखाली पेढीच्या पाण्यात उतरले! हातात हात घालून! बरं, पळून आले असते तर एक वेळ समजलो असतो. पण सोबत पोरीचा भाऊ, पोराची वहिनी, मेकअपवाली, दोन कॅमेरेवाले, एक ड्रोनवाला आणि चंदेरी पडदा धरून नवरीच्या गालावर ऊन पाडणारा एक पोऱ्या, असा लवाजमा होता. खर्च दोन्ही इवायांनी निम्मानिम्मा उचललेला. आता बोला! आमच्या वक्ती साखरपुड्यानंतर नवरदेव सासरच्या गल्लीतून नुसता सायकलवर गेला, तरी आठ दिवस पानठेल्यावर दुसरा विषय नसायचा.

पुलावरून चाललेली एक बुढी थांबून ओरडली म्हणे, "काऊन रे बाप्पा, पोट्टी बुडून राहिली का?"

खालून उत्तर आलं, "नाही आजी, स्लो मोशन आहे."

आता पेढीत बुडायला पाणी लागतं, हा भाग वेगळा. पूर्णेला जाऊन मिळणारी ही नदी पावसाळ्यात गढूळ, हिवाळ्यात बरी आणि लग्नसराई रंगात येते तेव्हा डबक्याडबक्यांची. पण फोटोवाल्याला नदी लागत नाही. त्याला लागतं घोटाभर पाणी आणि काठावर पालथं पडायची तयारी. तो पोटावर झोपून कॅमेरा थेट पाण्याच्या रेषेला लावतो आणि डबक्याचा समुद्र करतो. मागे डुंबणाऱ्या म्हशी घरी कॉम्प्युटरवर काढून टाकल्या जातात, त्यांच्या जागी मावळता सूर्य बसतो. फोटो व्हॉट्सॲपवर पडला की अकोल्याची मावशी विचारते, "गोव्याले कधी गेलती वं?" हा एक प्रश्न कमवण्यासाठी तर सगळा खटाटोप.

कोणत्या पाण्यात उभे राहिलात, त्यावर घराण्याची पत ठरते आता. पेढीचा काठ सगळ्यात खालची पायरी: तिकीट नाही, पहारेकरी नाही, गाडी थेट वाळूपर्यंत. त्याच्यावर अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव. इंग्रजी अमदानीत, 19व्या शतकाच्या अखेरीला, शहराला प्यायला पाणी मिळावं म्हणून बांधले होते बिचाऱ्यांनी. त्याच्याही वर चिखलदरा: शक्कर तलाव, धुकं, गाविलगडाचे दरवाजे आणि थंडीनं कुडकुडणारी उघड्या खांद्यांची नवरी. अकोलेकरांना काटेपूर्णेवरचं महानचं धरण आहे. आणि मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणापर्यंत मजल गेली, तर समजावं की यंदा संत्र्याला भाव बरा मिळाला. त्या जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर. नाव ध्यानात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

इथवर ठीक होतं. आता तर लगनच काठावर! मंगल कार्यालय नको, त्याच्या भिंती फोटोत गुलाबी येतात. त्यापेक्षा नदीकाठचं वावर, आंब्याखाली दोन बाजा, फांदीला चार कंदील, पाण्यात सोडलेले दिवे आणि कोपऱ्यात एक बैलबंडी. सगळं साधं, घरगुती, कॅज्युअल. ही साधेपणाची सजावट मात्र कार्यालयाच्या भाड्याहून महाग पडते, हे मुलीच्या बापाला बिल आल्यावर कळतं. ज्या आजोबांनी ट्रॅक्टरसाठी बैलबंडी मोडीत काढली, त्यांच्याच नातवासाठी ती आता तासाच्या भाड्यानं येते, आणि आजोबा बाजूला उभे राहून जू उलटं बांधलंय म्हणून बोंबलत असतात. त्यांचं कोणी ऐकत नाही. फोटोत उलटं जू छान दिसतं.

फोटोवाला तरी एक कुठे राहिलाय? एक ट्रॅडिशनलवाला, तो स्टेजवर उभं करून "इकडे पहा" म्हणतो. एक कॅन्डिडवाला, तो "इकडे पाहू नका" म्हणतो. नवरीचं ते बेसावध हसू चौथ्या रीटेकला जमतं. सिनेमॅटिकवाला गिंबल घेऊन उलट्या पावली चालतो आणि हमखास मठ्ठ्याच्या टाकीवर आदळतो. ड्रोनवाला डोक्यावर घोंघावत फेटे उडवतो. ड्रोनला निदान 2021 पासून सरकारी नियम आहेत. मोबाईल उंच धरून सगळ्यांच्या आडवा येणाऱ्या मामाला कोणतेच नियम नाहीत. मग टीझर वेगळा, हायलाइट वेगळा, रील त्याच रात्री हवं, आणि शेवटी करिझ्मा अल्बम, जो उचलायला दोन माणसं लागतात आणि उघडायला कोणालाच वेळ नसतो.

रोलचा काळ आठवून पहा. 36 फोटोंचा एक रोल, श्रीमंताघरी दोन. फोटोवाला प्रत्येक फोटो मोजूनमापून काढायचा. रुसके फुफाजी "आमचा फोटो नाही काढला" म्हणून हातात टोपी घेऊन निघाले, की त्यांना मानानं उभं करून नुसता फ्लॅश मारायचा. आत रोल नसायचाच. फुफाजी खूश, मुलीचा बाप खूश. आता हजारो फोटो निघतात, फुफाजी त्यातल्या शंभरात असतात, आणि तरीही रुसतात, कारण रीलमध्ये नाहीत.

खरी मारामारी मुहूर्ताची. सूर्य कलला की कोवळं सोनेरी ऊन पसरतं, त्याला फोटोवाले गोल्डन अवर म्हणतात. आणि भटजींचा गोरज मुहूर्त नेमका त्याच वेळचा! एका घटकेवर दोघांचा दावा. पूर्वी भटजी घड्याळ पाहायचे आणि मांडव थांबायचा; आता फोटोवाला आभाळाकडे पाहतो आणि भटजी थांबतात. पाण्याकाठी तर विचारूच नका. अंतरपाट वाऱ्यानं उडतो. अक्षता पडतात, आणि कॅमेरेवाला म्हणतो, "गुरुजी, एकदा अजून." दोनदा लग्न लागलेली जोडपी वऱ्हाडात आता थोडी नाहीत. पाहुण्यांना दिसते ती कॅमेरेवाल्यांची पाठ; नवरानवरी पाहायची तर एलईडी वॉलकडे मान वळवावी लागते. म्हातारी माणसं मात्र चुकत नाहीत. ती पहिल्या पंगतीला जाऊन आलू-वांग्याची भाजी आणि बुंदी खातात आणि घर गाठतात.

"कलियुग हो, कलियुग," असं म्हणायची माझीही जीभ वळवळते. पण जरा मागे गेलं की पंचाईत होते. व्हिक्टोरिया राणीचं लग्न 1840 चं. त्या दिवसाचा फोटो नाही. 1854 मध्ये राणी आणि अल्बर्ट सजूनधजून रॉजर फेंटनच्या कॅमेऱ्यापुढे उभे राहिले, आणि लोक पुढे कित्येक वर्षं तोच लग्नाचा फोटो समजत आले. म्हणजे लग्नाच्या चौदा वर्षांनी शूट! त्याच 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हा हे वेड आपल्याकडे काही काल आलेलं नाही. आणि लग्नाआधी स्टुडिओत गाऊन घालून फोटो काढायचे, ते जेवणावळीच्या दारात मांडायचे, ही तैवानमधली कित्येक वर्षांची रीत.

आणि नदीकाठच्या लग्नाचं म्हणाल, तर विदर्भानं कोणाला शिकवावं? रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर, तिवसा तालुक्यात, थेट वर्धेच्या काठावर. तिनं घरच्यांना न विचारता कृष्णाला पत्र धाडलं, अंबादेवीच्या दर्शनाला निघाली आणि देवळातूनच रथात बसली. आमची अमरावती आजही ते देऊळ दाखवते. त्या वेळी गल्लीत केवढी चर्चा झाली असेल, कल्पना करा. तेच लग्न 13व्या शतकात रिद्धपूरला महदंबेनं धवळ्यांत, म्हणजे लग्नाच्या गाण्यांत, गायलं. महानुभावांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नाचा सोहळा मांडला होता, आणि मराठीची ही आद्य कवयित्री त्या प्रसंगी गायली. मोर्शी तालुक्यात एका बाईनं केलेलं हे कव्हरेज सातशे वर्षं टिकलंय. आपल्या पेन ड्राइव्हचं सात वर्षांनी काय होतं, ते घरी तपासून पहा.

आता त्या नल-दमयंती सागराकडे या. दमयंती विदर्भाची राजकन्या. तिच्या स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन बसले. समोर पाच नळ, सगळे सारखे. पोरीनं खरा कसा ओळखला? देवांना घाम नव्हता, त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, गळ्यातली फुलं कोमेजत नव्हती, अंगावर धूळ नव्हती आणि पाय जमिनीला टेकत नव्हते. ज्याला घाम आला होता, ज्याची माळ सुकली होती आणि ज्याचे पाय मातीत होते, त्याच्या गळ्यात तिनं वरमाला घातली.

आता कोणत्याही लग्नाच्या दारातला तो सहा फुटी फोटो पहा. 44 अंशांत शेरवानी घालूनही नवरदेवाला घाम नाही. डोळे टक्क उघडे. फुलं ताजी, कारण ती नंतर घातलेली. जोडे स्वच्छ. आणि एक फोटो तर हवेत उडी मारतानाचा असतोच, पाय भुईपासून हातभर वर. देवांच्या सगळ्या खुणा पुऱ्या झाल्या! त्या फोटोच्या भरवशावर दमयंती बसली असती, तर इंद्राच्या घरी गेली असती आणि नळ अजून बिनलग्नाचा राहिला असता. मंडळी, माझी तक्रार एवढीच आहे. पोरं पाण्यात उतरतात याची लाज नाही वाटत. फोटोतला नवरदेव दारात ओळखू येत नाही, याची वाटते.

भोपाळात 2019 मध्ये गुजराती, जैन आणि सिंधी समाजांनी अशा शूटवर बंदीचे ठराव केले. आपल्याकडेही बैठकांमध्ये विषय निघाला की चार पागोटी जोरात हलतात. मला बंदी पटत नाही. एक तर कॅमेरा हप्त्यावर घेऊन यात उतरलेली पोरं आपल्याच खेड्यांतली आहेत. नोकरी नाही, वावर कोरडवाहू, लग्नसराईच्या चार महिन्यांवर त्यांचं वर्ष निघतं. आणि दुसरं, अगदी आतल्या गोटातलं सांगतो. पूर्वी मुलगी पाहायला बारा जण यायचे, पोह्याची बशी फिरायची, आणि "काही विचारायचं असेल तर विचारा" म्हटल्यावर नवरदेव छताकडे पाहायचा. आता शूटच्या निमित्तानं दोघांना अख्खा दिवस मिळतो. चिखलात जोडा रुतला की कोण चिडतं, उशीर झाला की कोण कॅमेरेवाल्यावर खेकसतं, जेवताना त्या पडदा धरणाऱ्या पोऱ्याला कोण आधी बोलावतं, हे सगळं दिसतं. पत्रिकेचे छत्तीस गुण एवढं सांगत नाहीत.

मात्र वलगावच्या पुलाखाली एक भान हवं. 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबा याच पेढीच्या पुलाजवळ वारले. याच जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 मध्ये जन्मलेल्या या माणसानं हातात खराटा धरून गावंच्या गावं झाडली, आणि रात्री कीर्तनात एकच गोष्ट घोकून घोकून सांगितली: कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून लग्न करू नका. स्वतःच्या पोरीच्या बारशाला त्यांनी भावकीची दारू-मटणाची रीत मोडली आणि गोडाचं जेवण वाढलं, तेव्हाही अशीच खमंग चर्चा झाली होती.

आता गंमत पहा. शूटच्या दिवशी काठावर पहिलं काम काय होतं? झाडलोट! तो पडदा धरणारा पोऱ्या गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलच्या प्लेटा, पाण्याच्या बाटल्या गोळा करतो. बाबांना बरं वाटलं असतं. फक्त तो कचरा उचलून नेत नाही. कॅमेऱ्यात दिसणार नाही इतका बाजूला सारतो. आणि शूट संपल्यावर धुराच्या नळकांड्या, फुगे, चमकीचे कागद अशी आपली भर घालून मंडळी गाडीत बसतात. फोटोत पेढी स्वच्छ येते, आणि वाळूत आदल्या दिवसापेक्षा घाण जास्त असते. तेच पैशाचं: अल्बममध्ये दिसतो तो हार, पतसंस्थेचा हप्ता त्या चौकटीत येत नाही.

म्हणून नवरदेवांनो, नवरींनो, शूट करा बाप्पा, आमची ना नाही. व्याजाच्या पैशांनी करू नका, एवढं पहा. फोटोवाल्याला बजावून सांगा की घाम राहू दे, आजी राहू दे, मागची म्हैसही राहू दे. आणि निघताना खराटा कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरही फिरवा, पिशवी भरून सोबत न्या. एवढं केलंत तर गल्लीची तोंडं आम्ही बंद करू. नाही केलंत, तर पुढच्या खेपेला नावं घेऊन बोलू.