नावच बिबा!

अहो वहिनी, ऐकलंत का? काल रात्री आमच्या घरात चार माणसांची तोंडं अशी पडली होती, जसं काही ठरलेलं लग्न मोडलंय!

काही नाही हो, ती जपानी सिरीयल. 'काबानेरी ऑफ द आयर्न फोर्ट्रेस'. नातवानं लावली, आणि बाराच्या बारा भाग संपवूनच उठलो. आमचे हे आधी 'कार्टून काय बघायचं' म्हणत पेपर तोंडासमोर धरून बसले होते. तेवढ्यात आली की वाफेची गाडी! चिलखत घातलेली, काळीकुट्ट, धूर ओकत. पेपर कधी खाली गेला ते त्यांनाही कळलं नाही. रेल्वेत जन्म गेलेला माणूस. 'सोलापूरला गाडी १८६० साली आली' हे नातवाला तिथंच ऐकवून झालं. तुम्हाला तर पाठच असेल.

आणि चित्रं म्हणाल तर... त्यातल्या मुमेई नावाच्या पोरीचा चेहरा जवळून दाखवतात ना, गालांची लाली, डोळ्यांतली चमक, बघत राहावं. त्या विट स्टुडिओनं 'मेकअप अ‍ॅनिमेटर' म्हणून वेगळी माणसंच ठेवली होती म्हणे. नाहीतर आमच्या सूनबाई, पार्लरमध्ये एवढे पैसे ओतून... जाऊ दे, आतच आहे ती.

तर काय सांगत होते? हां, ते काबाने! मेलेले, पण चालतात. चावले की माणूस त्यांच्यातलाच एक. म्हणून लोक बिचारे स्टेशनांभोवती तट बांधून राहतात. तो इकोमा, कारखान्यातला पोरगा, चावा बसल्यावर गळ्यालाच लोखंड आवळलं हो त्यानं, विष डोक्यात चढू दिलं नाही! माझ्या मांडीवरच्या शेंगा तशाच, एक सोलली असेल तर शपथ.

मग सातव्या भागाच्या सुमारास आला तो बिबा. शोगुनचा मुलगा, गोड बोलणं. सूनबाई म्हणते, 'हँडसम आहे हं!' मी मनात म्हटलं, नावच बिबा, हा बिब्बा घालणार. घातलाच की! लहानपणी बापानं लढाईवर धाडलं आणि मागून रसद तोडली, म्हणून हा राजधानीच बुडवायला निघाला. राग समजतो हो, पण म्हणून सगळी गोष्ट त्याच्यामागं फरफटवायची? मुमेईची बाहुली केली, इकोमा कडेला, आणि हे काबाने आले कुठून, ते विचारायला कुणाला सवडच नाही.

हे म्हणाले, 'गाडी चांगली होती, रूळच संपले.' नातू तडकलाच. दिग्दर्शक आराकी, 'अटॅक ऑन टायटन'वाला. लिहिणारा ओकोउची, 'कोड गियास'वाला. 'म्हणूनच तर राग येतो, आजी!' २०१६ सालची सिरीयल, पण पोराचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, अरे, चादर घेताना नक्षीवर भाळायचं नसतं, वीण ओढून बघायची. सोलापुरात राहून एवढं कळू नये? तर आजीवरच फुगला.

आज रात्री त्याचाच २०१९ चा सिनेमा लावणार आहे, उनातोच्या लढाईचा. हे आत्तापासूनच चष्मा पुसून तयार, गाडी आहे ना त्यात! या की तुम्ही पण, भाकरी-चटणी इथंच. पण आधी ती सिरीयल बघून घ्या, शेवट मी मुळीच सांगणार नाही. आणि घाबरू नका, सिनेमात बिब्बा घालायला तो नाही, मेलाच ना शेवटच्या भागात...

अगंबाई!