ब्रेकव्रत : साहित्य, विधी आणि उद्यापन

हे व्रत नागपुरात बाराही महिने करता येतं, पण पोळ्याच्या आसपास केल्यास फळ लवकर मिळतं. रात्री पाऊस पडून गेलेला असतो, उघड्यावर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला चाकातून खर्र आवाज येतो. धरमपेठेतून निघालात तर व्हरायटी चौक येईपर्यंत तो आपोआप जातो. व्रत करणाऱ्याने तेवढा धीर धरू नये. आवाज ऐकताच गाडी गॅरेजकडे वळवावी.

साहित्य : एक चारचाकी, थोडी भीती, शिल्लक असलेलं कार्ड आणि 'मला गाडीतलं कळतं' असा चेहरा. यातला चेहरा माझ्याकडे वडिलोपार्जित आहे. वडिलांची बजाज स्कूटर बंद पडली की ते तिच्याकडे गंभीरपणे पाहायचे, तिला तिरकी करायचे, सरळ करायचे आणि किक मारायचे. सुरू झाली तर 'प्लगमध्ये कचरा होता' म्हणायचे. प्लग त्यांनी कधी उघडलेला मी पाहिला नाही.

विधीसाठी गॅरेज शक्यतो काचेचं असावं. आत गारवा असावा, कॉफीचं मशीन असावं आणि हातात टॅब घेतलेला, इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण असावा. हा आपला गुरुजी. तो आपल्याला सर म्हणतो. आपण यजमान आहोत हे विसरायचं नाही. यजमानाने गुरुजींना मंत्राचा अर्थ विचारायचा नसतो.

खर्चाचा आकडा चारही चाकं निघाल्यावरच विचारावा. हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. चाकं जागेवर असलेला माणूस 'दुसरीकडे दाखवून येतो' म्हणू शकतो. जॅकवर चढलेल्या गाडीचा मालक फक्त कॉफी पिऊ शकतो.

मी दुसरी कॉफी घेत असताना गुरुजी तळहातावर एक ब्रेक पॅड घेऊन आला. त्यावरचा मसाला पार उडालेला, नुसतं लोखंड. 'सेफ्टीचा प्रश्न आहे सर. फॅमिलीला घेऊन फिरता ना?' आता या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा मध्यमवर्गीय मराठी माणूस जन्माला यायचाय. मी त्या पॅडकडे वडील स्कूटरकडे पाहायचे तसं पाहिलं आणि मान डोलावली. तो पॅड माझ्याच गाडीतून निघाला का, हे विचारायचं सुचलं नाही. नव्या पॅडला साधारण दहा मिलिमीटर मसाला असतो आणि तीनच्या आसपास आला की बदलायचा. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढी जाडी होते. एवढं माप खिशात असताना मी कॉफी पीत होतो.

बिल झालं अठरा हजार सहाशे चाळीस. पुढचे पॅड, पुढच्या डिस्क, मागचे शू, मागचे ड्रम, ब्रेक ऑइल, कॅलिपर ग्रीसिंग, ब्रेक क्लिनिंग, लेबर आणि 'इतर'. 'इतर' काय ते अजून कळलेलं नाही.

जुने पार्ट मागू नयेत. फार दरिद्री दिसतं.

बिल पत्नीला दाखवू नये, हाही नियम होता. तो मी पाळला नाही. ती शाळेत विज्ञान शिकवायची. चष्मा लावून तिने यादी वाचली. 'मागचे शू काऊन बदलवले? ब्रेक मारला की वजन पुढे येते, पुढचेच जास्त झिजतात. हे तर आठवीतल्या पोरालाही समजते.' मग सीटखाली राहिलेला पॅडचा रिकामा खोका तिच्या हाती लागला. त्यावर एमआरपी होती, 'सर्व करांसह' असं छापलेलं. बिलात तीच किंमत लावून वर 28 टक्के जीएसटी जोडलेला. (22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा दर 18 वर आलाय, तेव्हा आता ही लूट दहा टक्क्यांनी स्वस्त असावी.) एमआरपीत कर धरलेला असतो, त्यावर पुन्हा कर घेता येत नाही, हे तिने मला दोनदा सांगितलं. मला पहिल्यांदाच समजलं होतं.

हे काही आपल्याच मातीतलं व्रत नाही. कॅलिफोर्नियाच्या सरकारने 1990-91 मध्ये गुप्तपणे गाड्या पाठवून सिअर्स या बड्या कंपनीची गॅरेजं तपासली. गाड्यांचे ब्रेक पॅड झिजलेले, बाकी सगळं ठीक. 38 पैकी 34 वेळा नको ती कामं गळ्यात मारली गेली. तिथे सल्ला देणाऱ्यांना किती माल खपवायचा याचे आकडे ठरवून दिले होते. माझ्या गुरुजीच्या टॅबमध्येही तसंच काही असेल. पोरगा तसा गरीब वाटला, दोनदा साखर विचारली त्याने.

खरा राग माझाच मला येतो. 'मसाला किती उरलाय, मोजून दाखवा' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही, कारण मग मला यातलं काही कळत नाही हे त्याला कळलं असतं. त्या चेहऱ्याचे अठरा हजार पडले.

सहा महिन्यांनी आवाज पुन्हा आला. या वेळी सक्करदऱ्याकडे, कडुलिंबाखाली बसणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. पाटी नाही, कॉफी नाही. वडिलांची स्कूटर खऱ्या अर्थाने हाच दुरुस्त करायचा, हे मला तिथे कळलं. त्याने चाकाच्या फटीतून टॉर्च मारला. 'पॅड मस्त आहेत साहेब. धूळ बसली. कायले खोलता?' मीच हट्ट धरून मागचं चाक खोलायला लावलं. त्याने ड्रम काढला, ब्रशने झटकला आणि बराच वेळ आत पाहत राहिला.

'हे शू तुम्ही बदलवले म्हणता? हे तर गाडीसोबत आलेले आहेत. ड्रमही तोच.'

त्याने शू जागेवर बसवले, चाक लावलं आणि चहापुरतेच पैसे घेतले.

उद्यापन राहिलंय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबतीच्या मिरवणुकीत महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात. ब्रेक पॅडचा बडग्या मी अजून पाहिलेला नाही, तेव्हा ती सोय नाही. दुसरी सोय पत्नीने शोधून ठेवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आधी 1915 वर फोन करून पाहता येतो, आणि मुदत दोन वर्षांची असते. बिल तिने कपाटात ठेवलंय, खोका त्याच्यावर. बिलावर तारीख आहे 28 ऑगस्ट 2024. तिने ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर यंदाच्या ऑगस्टात लाल पेनाने गोल करून ठेवली आहे, आणि अर्ज मीच लिहायचा आहे.