टॅलीवाले अण्णा

अण्णांना तुम्ही ओळखता. सांगलीच्या गणपती पेठेत ते हार्डवेअर विकतात, लातुरात अडत चालवतात, पुण्याच्या रविवार पेठेत प्लास्टिकचा होलसेल करतात. गाव बदलतं, धंदा बदलतो, अण्णा तेच. गल्ल्यामागे लक्ष्मीची तसबीर, तिच्याखाली मॉनिटर आणि मॉनिटरवर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. दर लक्ष्मीपूजनाला मॉनिटरला हळदकुंकू लागतं. ते वर्षभर तसंच राहतं, कारण स्क्रीनच्या त्या भागात अण्णांना बघण्यासारखं काही नसतं.

"आपलं सगळं टॅलीत आहे," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. खरंच आहे. फक्त अण्णा स्वतः अजून वहीत आहेत. एफ-८ दाबायचं, विक्रीचं बिल काढायचं, प्रिंट मारायची आणि तेच बिल लाल वहीत पुन्हा उतरवायचं. बेरीज टॅली करतं, अण्णा ती कॅल्क्युलेटरवर तपासतात आणि आकडे जुळले की टॅलीकडे कौतुकाने बघतात.

माल संपल्याचं त्यांना हमाल सांगतो, तेही गिऱ्हाईक समोर उभं असताना. प्रत्येक वस्तूची रीऑर्डर लेव्हल भरून ठेवली तर काय मागवायचं याची यादी सॉफ्टवेअर आपण होऊन देतं. पण मग हमालाचं महत्त्व काय राहिलं? पुढच्या तारखांचे चेकही टॅलीत नोंदवता येतात, पण ते शर्टाच्या खिशात असतात आणि शर्ट अधूनमधून धुवायला जातो.

खरी गंमत उधारीत आहे. पार्टीचं खातं उघडताना टॅली विचारतं, बाकी बिलवार ठेवायची का? अण्णांच्या दुकानात हा प्रश्न पूर्वी कधीतरी एका कॉम्प्युटर शिकलेल्या पोराला विचारला गेला. त्याला घरी जायची घाई होती, त्याने 'नो' दाबलं. पोरगा आता बँकेत आहे, त्याचा 'नो' मात्र वास्तुदोषासारखा दुकानात मुक्कामाला आहे. त्यामुळे पार्टीकडे दोन लाख येणं आहे एवढंच कळतं. कोणत्या बिलाचं, किती दिवसांचं, ते विचारू नये. तिथे 'यस' असतं तर तीस, साठ, नव्वद दिवसांच्या रकान्यांत सगळी थकबाकी मांडून मिळाली असती. व्याजही निघालं असतं, आठवणीचं पत्रही छापून आलं असतं.

मध्यंतरी सीएंच्या ऑफिसातल्या एका हुशार पोरीने आणखी एक सोय चालू करून दिली, क्रेडिट लिमिट. दुसऱ्याच दिवशी अण्णांच्या मेहुण्याचा टेम्पो दारात लागला.

"अण्णा, बिल घेत नाहीये," ऑपरेटर ताई म्हणाली.

"घेत नाही म्हणजे? मेहुणा आहे तो!"

मेहुण्याची मर्यादा आता एक कोटी आहे.

कुणी म्हणेल, अण्णांना कॉम्प्युटर कळत नाही. मला हे मान्य नाही. तीनशे पार्ट्यांची बाकी तोंडपाठ असलेल्या माणसाला चार बटणं जड नाहीत. त्यांना ती थकबाकीची यादीच नको आहे. वहीचं पान उलटता येतं. स्क्रीनवर नव्वद दिवसांच्या पुढच्या रकान्यात स्वतःचे व्याही दिसले, की एक तर पैसे मागावे लागतात, नाहीतर मागायचे नाहीत हे स्वतःशी कबूल करावं लागतं. त्यापेक्षा 'नो' बरा.

गंमत म्हणजे हे सॉफ्टवेअर एका व्यापाऱ्याच्याच गरजेतून आलं. १९८६च्या सुमारास बंगळुरूच्या श्यामसुंदर गोयंकांना आपल्या धंद्याला सोयीचं असं तयार सॉफ्टवेअर मिळेना. त्यांनी मुलाला, भरत गोयंकांना, ते लिहायला सांगितलं. म्हणजे आत जे काही आहे, ते पेठेची नाडी ओळखूनच ठेवलेलं आहे.

आणि आता प्रश्न नुसत्या येण्याचा राहिलेला नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४पासून आयकराच्या ४३बी(एच) कलमाने अण्णांच्या देण्यालाही घड्याळ लावलं आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु कारखानदाराकडून माल घेतला तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे. मुदत चुकली आणि ३१ मार्चलाही पैसे बाकी राहिले, तर त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही. कोणतं बिल किती दिवसांचं झालं, हे तिथे वहीतल्या पेन्सिलीच्या खुणांवरून सांगणं कठीण.

तेव्हा तुमच्या घरात अण्णा असतील, किंवा तुम्हीच अण्णा असाल, तर तो 'नो' आधी बदला. जुनी बाकी बिलाबिलाने फोडून भरावी लागते, त्यात एक-दोन रविवार जातील. सुरुवात परक्या पार्ट्यांपासून करा. मेहुण्याचं खातं शेवटी घ्या.